व्यायामातील बिनतारी इअरफोन आणि वैद्याचा सल्ला

आपल्या त्रैमासिकाच्या पानांवर इअरफोनसारख्या बाजारी वस्तूची चर्चा व्हावी, हे काही ज्येष्ठ वैद्यबांधवांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि चिकित्सालयात येणाऱ्या तरुण रुग्णांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना हा प्रश्न नवा नाही. सकाळी जिमला जाणारा, टेकडी चढणारा किंवा मैदानावर धावणारा तरुण आज कानात काही ना काही घातल्यावाचून घराबाहेर पडत नाही. कानाची खाज, कानातून पाणी येणे, कानात सतत आवाज होणे या तक्रारी घेऊन तो आपल्याकडे येतो, औषध घेतो आणि उठता उठता विचारतो, ‘मग वैद्यराज, कोणता इअरफोन घेऊ? दीड-दोन हजारांच्या आत बसेल असा.’ या प्रश्नावर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणजे, ‘घेऊच नका.’

हे उत्तर शास्त्राला धरून असल्यासारखे दिसते. परंतु त्याचा उपयोग शून्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. रुग्ण मान डोलावतो आणि बाहेर पडल्यावर जो स्वस्त दिसेल तो इअरफोन घेतो. निदानपरिवर्जन म्हणजे केवळ निषेध नव्हे. जे निदान पूर्णपणे टाळता येत नाही, त्याची मात्रा, काल आणि स्वरूप यांवर नियंत्रण ठेवावयास शिकविणे हेही परिवर्जनच होय. मद्य, अध्वगमन, रात्रिजागरण यांविषयी आपण तारतम्याने सल्ला देतो. मग या एका वस्तूविषयीच आपण हात झटकून मोकळे का व्हावे? यास्तव, स्वस्त बिनतारी इअरफोनची परीक्षा वैद्याने कोणत्या दृष्टीने करावी याविषयी काही विचार येथे मांडीत आहे.

कर्णरोगांची संख्या सुश्रुताने अठ्ठावीस सांगितली. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात कर्णरोगांच्या निदानात प्रतिश्याय, जलक्रीडा आणि कान खाजविणे यांच्या पंक्तीलाच शब्दाचा मिथ्यायोग बसविला आहे. चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात शब्दाचा अतियोग सांगताना मेघगर्जना, पटहनाद, आक्रोश अशी उदाहरणे दिली आहेत. या निदानांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. कानाला अपाय दोन वाटांनी होतो. एक वाट क्लेदाची, म्हणजे ओलावा, कोंडमारा आणि घर्षण यांची. दुसरी वाट शब्दाची. व्यायामाच्या वेळी घातलेला इअरफोन या दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालतो. म्हणून दुकानातील विक्रेता ज्या क्रमाने गुण सांगतो, म्हणजे बॅटरी किती तास, बेस किती खोल आणि रंग कोणते, तो क्रम आपल्या कामाचा नाही. आपला पहिला प्रश्न कर्णस्रोतसाविषयी, दुसरा आवाजाविषयी आणि त्यानंतर पैशांविषयी असला पाहिजे.

प्रथम क्लेदाचा विचार करू. बाह्य कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते. तिची त्वचा आतून बाहेर सरकत असते आणि मळाला स्वतःच बाहेर आणून टाकते. कानातील मळ किंचित आम्ल व स्निग्ध असून तो जंतू व बुरशी यांना आवर घालतो. घामाने भिजलेल्या कानात रबरी बोंडी घट्ट बसविली की ही सरकण्याची क्रिया अडते, मळ आत ढकलला जातो, उष्णता व ओलावा कोंडतो आणि आम्लता कमी होते. कोकणातील आणि मुंबईतील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कानातील बुरशीचे रुग्ण का वाढतात हे आपणास ठाऊक आहेच. त्या हवेत हा कोंडमारा आणखी भर घालतो. कर्णगूथ, कर्णकण्डू आणि कर्णस्राव यांचा इतिहास असलेल्या रुग्णाला म्हणूनच कानाच्या आत शिरणारा इअरफोन व्यायामासाठी देऊ नये. त्याचा पर्याय पुढे सांगितला आहे.

ज्यांचा कान निरोगी आहे त्यांनी बोंडीच्या मापाकडे लक्ष द्यावे. बहुतेक खोक्यांत लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन जोड्या येतात. मध्यम जोडी कारखान्यातूनच बसविलेली असते आणि शंभरांतील बहुसंख्य लोक तीच आयुष्यभर वापरतात. दोन्ही कानांचे माप सारखे असतेच असे नाही. उजव्या कानात मध्यम आणि डाव्यात लहान बसणे यात काहीही वावगे नाही. परीक्षा सोपी आहे. दोन्ही इअरफोन घालून तोंड पूर्ण उघडावे व मिटावे, काही चावल्यासारखा जबडा हलवावा, मान दोन्ही बाजूंना झटकावी आणि जागच्या जागी दहा उड्या माराव्यात. एवढ्यात तो निसटला, तर धावताना तो रस्त्यात पडणार हे निश्चित. न निसटता दुखू लागला, तर माप मोठे आहे. पुष्कळ तरुण निसटणारा इअरफोन बोटाने पुनःपुन्हा आत दाबत राहतात. कान खाजविण्याने जे होते तेच या दाबण्याने होते. त्वचेला सूक्ष्म ओरखडे पडतात आणि घामाबरोबर जंतू आत शिरतात.

येथे आपल्याच चिकित्सेशी संबंधित एक बाब सांगणे अगत्याचे आहे. कर्णपूरण किंवा दिनचर्येचा भाग म्हणून कानात तेल घालणे आपण सांगतो. व्यायामापूर्वी अभ्यंगही सांगतो. तेल घातलेल्या कानात त्याच सकाळी इअरफोन घालू नये, ही सूचना मात्र आपल्या तोंडून सहसा निघत नाही. स्नेह, घाम आणि बंद स्रोतस हे त्रिकूट बुरशीला फारच मानवते. शिवाय इअरफोनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर तेलाचा थर बसला की आवाज मंद होतो, आणि आवाज मंद झाला की रुग्ण तो वाढवतो. इअरफोन एका बाजूने हळू वाजतो अशी तक्रार घेऊन दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला नवा जोड दाखविला जातो. वस्तुतः जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ केली की पुष्कळदा काम भागते. कर्णपूरण सायंकाळी करावे, कान कापसाने टिपून घ्यावा आणि इअरफोन दुसऱ्या दिवशी वापरावा, एवढे पथ्य पुरेसे आहे. कर्णपटलास छिद्र असल्यास पूरण वर्ज्य, हे वेगळे सांगावयास नकोच.

आता शब्दाचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून श्रवणसाधनांसाठी जे मानक ठरविले आणि २०१९ साली जाहीर केले, त्यात प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास अशी मर्यादा धरली आहे. यातील खरी मेख पुढे आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून अनुज्ञेय वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास आणि ९५ डेसिबलला आठवड्याला अवघी ७५ मिनिटे. जो तरुण आठवड्यातून सहा दिवस तासभर व्यायाम करतो आणि ९५ डेसिबलवर गाणी ऐकतो, त्याची आठवड्याची शिदोरी मंगळवारीच संपते. शिवाय लोकलमधील प्रवास, कचेरीतील बैठका, रात्रीची मालिका ही सर्व त्याच हिशेबात धरावयाची. रुग्णाला हा हिशेब कागदावर मांडून दाखविला तर तो पटतो. ‘मोठ्याने ऐकू नका’ हे वाक्य पटत नाही.

अतिशब्दाने अंतःकर्णातील ज्या केशपेशी नष्ट होतात, त्या मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. श्रवणालेखात प्रथम ३ ते ६ हजार हर्ट्झच्या दरम्यान खळगा दिसतो. रुग्णाला त्या वेळी फक्त गर्दीत बोलणे नीट कळत नाही किंवा रात्री कानात सूक्ष्म शीळ ऐकू येते. अशा कर्णनादात आपल्या वातशामक उपचारांनी झोप सुधारते, त्रासाची तीव्रता कमी होते, हा अनुभव अनेकांचा आहे आणि त्याचे मोल कमी नाही. परंतु गेलेल्या केशपेशी कोणत्याही तैलाने किंवा रसायनाने परत येतात असे म्हणण्यास आपल्यापाशी आधार नाही. बधिरतेवर हमखास उपाय अशा जाहिराती करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात बहिरेपणाचा उल्लेख आहे. कर्णतैलाची बाटली विकताना बोलावयाचे शब्दही औषधालयाच्या मालकांनी तोलून घ्यावेत. जे नष्ट झाल्यावर परत येत नाही, तेथे निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा ठरते. आणि म्हणूनच इअरफोनची निवड हा आपला विषय आहे.

जिममध्ये ध्वनिक्षेपकावर आधीच गाणी चालू असतात, ट्रेडमिलची घरघर असते, लोखंडी वजने आपटत असतात. त्यावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज चढविला जातो. हा चढलेला आवाज हेच अपायाचे मूळ. म्हणून जिमच्या बंदिस्त जागेत कान नीट बंद करणारी रबरी बोंडी ही, क्लेदाच्या दृष्टीने सदोष असली तरी, शब्दाच्या दृष्टीने हितकर ठरते. ती बाहेरचा गोंगाट अडविते, त्यामुळे कमी आवाजात काम भागते. याउलट कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, बोंडी नसलेला प्लास्टिकचा इअरफोन दिसावयास सौम्य वाटतो; पण त्यातून सर्व गोंगाट आत येतो आणि वापरणारा आवाज शेवटापर्यंत नेतो. रुग्णाला एक युक्ती सांगावी. घरातील शांत खोलीत सुखाने ऐकू येईल इतका आवाज ठेवावा आणि जिममध्ये गेल्यावर त्यात वाढ करू नये. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोय असते, तीही वापरावी. साठ टक्के आवाज आणि साठ मिनिटे हा प्रचलित नियम लक्षात ठेवावयास सोपा असला, तरी एका इअरफोनचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे साठ टक्के हे सारखे नसतात.

खोक्यावरील दोन संक्षेपांची गफलत येथेच सांगतो, कारण स्वस्त मालात ग्राहकाची सर्वांत अधिक दिशाभूल तेथे होते. ‘एएनसी’ म्हणजे वापरणाऱ्याच्या कानात येणारा गोंगाट विद्युत्क्रियेने कमी करणारी सोय. ‘ईएनसी’ ही निराळी गोष्ट आहे. आपण फोनवर बोलत असताना पलीकडच्या माणसाला आपल्या भोवतीचा गोंगाट कमी ऐकू यावा, यासाठी ती असते. आपल्या कानाला तिचा काडीचाही उपयोग नाही. हजार रुपयांच्या आतल्या खोक्यावर ‘ईएनसी’ हे अक्षर मोठ्या ठशात छापलेले असते आणि ग्राहक गोंगाट बंद होईल अशा समजुतीने घेऊन जातो. स्वस्त मालातील ‘एएनसी’ देखील पंख्याच्या किंवा यंत्राच्या संथ घरघरीवर चालते. मनुष्याचे बोलणे अथवा वजन आपटण्याचा आवाज ती फारसा थांबवीत नाही. तेवढ्यासाठी अधिक पैसे मोजण्यापेक्षा योग्य मापाची बोंडी अधिक गुणकारी.

मैदानावर आणि रस्त्यावर मात सर्व न्याय उलटा होतो. पर्वती किंवा तळजाईच्या वाटेवर धावताना गाडीचा भोंगा, सायकलची घंटा, मागून येणारे कुत्रे ऐकू आलेच पाहिजे. कान बंद करून रस्त्याने धावणे किंवा रेल्वेचे रूळ ओलांडणे यांतील धोका कोणत्याही कर्णरोगाहून मोठा आहे. म्हणून ‘व्यायामासाठी कोणता इअरफोन’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ‘व्यायाम कोठे करता?’ हा प्रतिप्रश्न प्रथम विचारावा. बंद जागेत बोंडीचा, उघड्यावर कान मोकळा ठेवणारा. उघड्यावर बोंडीचाच वापरावयाचा असेल तर एकाच कानात घालावा, तोही रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या.

कान मोकळा ठेवणाऱ्या साधनांत अस्थिवहनाचे इअरफोन येतात. ते कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतात आणि कंपने हाडावाटे अंतःकर्णाकडे पाठवितात. कर्णस्राव, वारंवार होणारी बुरशी किंवा पटलछिद्र असलेल्या रुग्णाला संगीताशिवाय व्यायाम होतच नसेल, तर सुचविण्यासारखे हेच साधन होय. मात्र एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. ‘कर्णपटलावर ताण येत नाही, म्हणून श्रवणाला धोका नाही’ असे विक्रेते सांगतात. कंपने कोणत्याही मार्गाने जावोत, ती पोहोचतात त्याच शंखाकृती अंतःकर्णात आणि आपटतात त्याच केशपेशींवर. मार्ग बदलला, अधिष्ठान बदलले नाही. डेसिबलचा वरील हिशेब येथेही तसाच लागू आहे. नामांकित अस्थिवहन इअरफोन अजून बऱ्याच लोकांच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यांच्यासारखेच दिसणारे हजार-बाराशेचे पुष्कळसे नमुने वस्तुतः कानाशेजारी ठेवलेले लहान ध्वनिक्षेपकच असतात. ते वाईट नव्हेत, पण अस्थिवहनाच्या नावाने त्यांचे पैसे देऊ नयेत. ओळखण्याची सोपी रीत अशी : साधन चालू करून दोन्ही कान बोटांनी बंद करावेत. अस्थिवहन असेल तर आवाज कायम राहतो, किंबहुना अधिक भरदार होतो. हवेतून येणारा असेल तर तो दबतो.

घामापासून संरक्षणाचे अंक आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेले असतात. आयपीएक्स४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेल्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याच्या धारेपासून, आणि आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे बुडाल्यास संरक्षण. मधला ‘एक्स’ धुळीची परीक्षा नमूद नसल्याचे दर्शवितो. व्यायामासाठी आयपीएक्स४ हा किमान आणि भरपूर घाम येणाऱ्यास आयपीएक्स५ हा योग्य, असे मानावे. केवळ ‘स्वेटप्रूफ’ असे लिहिलेले असून अंक नसेल तर ते लिहिलेच नाही असे समजावे. तथापि ही परीक्षा गोड्या पाण्याने होते. घाम खारट असतो, आणि खारटपणा धातूला खातो. घामाने ओले इअरफोन तसेच डबीत टाकले की चार्जिंगच्या पितळी टोकांवर मीठ, पाणी आणि विद्युत्प्रवाह एकत्र येतात व हिरवट थर जमतो. एक बाजू चार्ज होत नाही, ही स्वस्त इअरफोनची सर्वांत प्रसिद्ध व्याधी बहुधा येथूनच उद्भवते. इअरफोनला अंक असला तरी त्याच्या डबीला तो क्वचितच असतो. म्हणून व्यायामानंतर कोरड्या फडक्याने पुसून, पाच-दहा मिनिटे वाऱ्यावर ठेवून मगच डबीत घालावेत. आठवड्यातून एकदा बोंड्या काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवून पुन्हा लावाव्यात. यामुळे कानही वाचतो आणि वस्तूही. दुसऱ्याचा इअरफोन घालू नये हे तर दुसऱ्याची कंठी किंवा टॉवेल वापरू नये इतकेच उघड आहे. पण जिममध्ये ते सर्रास चालते.

हमीपत्रही उलटून वाचावे. एकीकडे ‘व्यायामासाठी उत्तम’ असे छापून दुसरीकडे ओलाव्याने झालेली हानी हमीतून वगळली आहे, असे प्रकार आढळतात. विक्रेत्याला हे वाक्य बोट ठेवून दाखवावे व उत्तर मागावे.

किंमत आणि टिकाऊपणा यांविषयी थोडक्यात. दोन सुट्या इअरबड्सपेक्षा गळ्यात घालावयाचा नेकबँड पंधराशेच्या आत अधिक पदरात टाकतो, असे माझे मत आहे. त्याची बॅटरी मोठी असते, तो नाल्यात पडत नाही, एक बाजू हरविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. चाळिशीपुढील फिरावयास जाणाऱ्यांना तो सोईचा. परंतु सूर्यनमस्कार, शीर्षासन, दंड काढणे किंवा बाकावर उताणे पडून वजन उचलणे यांत तो पुढे घसरतो किंवा मानेखाली येतो. तेथे कानामागे आकडा असलेले सुटे इअरबड्स बरे. बॅटरीच्या तासांचा आकडा डबीसकट मोजलेला असतो. ‘पन्नास तास’ असे लिहिले असले तरी एका वेळी कानात किती तास चालेल तो अंक निराळा असतो आणि तोच पाहावा. अर्थात तासाभराच्या व्यायामाला पाच तासही पुरतात. आतील बॅटरी बदलता येत नाही आणि दोन-तीन वर्षांत तिची धारणशक्ती घटते. म्हणून सुट्या इअरबड्सवर फार मोठी रक्कम घालणे व्यवहाराचे नाही. बोट, नॉइज, रिअलमी यांसारख्या परिचित नावांत आज या किमतीला पुष्कळ निवड आहे. ध्वनीची शुद्धता, कोडेकची आवृत्ती, चालकाचा व्यास यांवर विक्रेते बरेच बोलतात; धापा टाकणाऱ्या माणसाला त्यातील फरक कळत नाही.

खोक्यावर पाहण्याची एक गोष्ट औषधविक्रेत्यांना विशेष जवळची आहे. बिनतारी इअरफोन भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणीच्या कक्षेत येतात. ‘आर’ या अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक मालावर किंवा खोक्यावर असला पाहिजे, आणि तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळून पाहता येतो. कमाल किरकोळ किंमत, निर्मात्याचा किंवा आयातदाराचा पत्ता आणि आयात मालावर मूळ देश ही माहितीही हवी. पदपथावर अडीचशे रुपयांना मिळणाऱ्या मालावर यांतील बहुधा काहीच नसते. त्याच्या बॅटरीची हमी कोण देणार? आपण बिगर-परवान्याचा कल्क विकत नाही, तोच न्याय येथे लावावा.

किरणांच्या भीतीविषयी रुग्ण हमखास विचारतात. ब्लूटूथच्या लहरी अनायनीकारक असून इअरफोनचा प्रक्षेपक काही मिलिवॅट इतकाच असतो. कानाला लावलेल्या मोबाइलचा प्रक्षेपक त्याहून पुष्कळ शक्तिमान असतो. मोबाइल कानाला लावून तासन्‌तास बोलणाऱ्याने इअरफोनच्या लहरींना भ्यावे, हे तर्कास धरून नाही. ‘किरणरोधक’ चकत्या, ऋणभारित लोलक वगैरे जे या भीतीवर विकले जाते ते आपल्या औषधालयात ठेवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आयुर्वेदाच्या नावाच्या पाटीखाली असली चकती विकली गेली की तिच्या शेजारच्या च्यवनप्राशाचीही पत जाते.

एक आक्षेप मात्र मला स्वतःलाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो कोणत्याही चांगल्या इअरफोनने दूर होत नाही. व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे आपले शास्त्र सांगते. बलार्ध कसे ओळखावे? हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावा लागला, की बलार्ध झाले, असे सुश्रुताने चिकित्सास्थानात सांगितले. कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम आणि मुखशोष ही लक्षणे पुढील ग्रंथकारांनी जोडली. त्यातही वाग्भटाने अर्धशक्तीची मुभा बलवान व स्निग्धभोजी माणसाला, शीतकाळी आणि वसंतात दिली आहे. इतर ऋतूंत व्यायाम त्याहूनही कमी. हे सर्व लक्षण स्वतःच्या श्वासाकडे लक्ष असल्याशिवाय कळत नाही. संगीत ऐकताना श्रमाची जाणीव कमी होते, हे ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्टस कारागेऑर्गिस यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. मध्यम श्रमात हा परिणाम ठळक असतो. खेळाडूच्या दृष्टीने हा लाभ. पण पंचेचाळिशीचा, वजन वाढलेला, रक्तदाब असलेला आणि वर्षांनंतर प्रथमच ट्रेडमिलवर चढलेला गृहस्थ आपला रुग्ण असेल तर? त्याची श्रमजाणीव हीच त्याची राखणदार. तिलाच आपण गाण्याने झोपवितो. तृष्णा, क्लम, प्रतमक, कास हे अतिव्यायामाचे उपद्रव सांगणाऱ्या शास्त्राने येथे गप्प राहू नये. अशा रुग्णाला पहिले तीन महिने इअरफोनशिवाय, बोलता येईल इतक्या गतीने व्यायाम करावयास सांगावे. पुढे संगीत द्यायचेच तर संथ लयीचे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत बंद. मल्लविद्येचा वारसा सांगणाऱ्या कोल्हापूरच्या तालमींत मेहनत करणारा मल्ल स्वतःचा श्वास आणि वस्तादाची हाक ऐकत असतो. त्यामागेही हेच शहाणपण आहे, असे मला वाटते.

राहता राहिला औषधालयांचा प्रश्न. रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, वाफेची यंत्रे यांच्या शेजारी काही दुकानांत इअरफोनही लटकू लागले आहेत. त्यात नफा बरा आहे आणि गिऱ्हाईक तरुण आहे, हे मालकांचे म्हणणे मला समजते. तरीही मी त्याच्या विरुद्ध आहे. औषधालयात टांगलेल्या वस्तूला ग्राहक आपोआप आरोग्याची शिफारस चिकटवतो. विक्रेत्याने एक शब्द न बोलताही ‘वैद्यांच्या दुकानातला’ हा शिक्का बसतो. ज्यांना विकावयाचेच आहे त्यांनी निदान पावती द्यावी, नोंदणी क्रमांक तपासावा, हमीचा शिक्का मारून द्यावा आणि आरोग्यविषयक कोणताही दावा करू नये. त्याहून सुटसुटीत आणि आपल्या व्यवसायाला शोभणारी गोष्ट म्हणजे इअरफोनच्या सुट्या रबरी बोंड्या तिन्ही मापांत ठेवणे. त्यांची किंमत किरकोळ आहे, हरवलेली किंवा चिरलेली बोंडी बदलावयास लोक दुकाने शोधत हिंडतात, आणि बोंडी देताना कान कोरडा ठेवण्याविषयी व ती धुण्याविषयी दोन शब्द सांगण्याची संधी मिळते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी असा एक डबा गल्ल्याशेजारी ठेवून पाहावा.